हळदीतली केटी

आमचे प्राचार्य कुठल्याशा कार्यशाळेला गेले आणि येताना आशा घेऊन आले. दरवेळी ते काहीतरी घेऊन यायचेच. आधीच्या वर्षी योग आणला होता, त्याच्या आधी गांडूळखत. गांडुळं मेली, योगाच्या चटया कुणीतरी घरी नेल्या. आशा मात्र माझ्या गळ्यात पडली, कारण पनवेलच्या त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी मी एकटीच होते आणि आशा माझ्या खात्यात मोडते असं सरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

ही दोन हजार बाराच्या आसपासची गोष्ट. पुढल्या वर्षी मूल्यांकन समिती यायची होती आणि समितीला दाखवायला उपक्रम हवे होते. जिमखान्याच्या शेजारची खोली रिकामी करून तिच्यावर 'आशा कक्ष' अशी पाटी लागली. आतून क्रिकेटचे पॅड आणि हातमोजे हलवले, त्यांचा वास हलला नाही. त्या वासात बसून मी पनवेल तालुक्याची आशा वाढवायची होती.

तसं ते शास्त्र वाईट नाही, हे मी मान्य करते. 'होईल हो सगळं ठीक' म्हणत हातावर हात ठेवून बसणं म्हणजे आशा नव्हे, असंच ते सांगतं. आधी नेमकं काय हवं ते ठरवायचं. मग तिथं पोचायच्या वाटा शोधायच्या, निदान तीन तरी. मग वाटेत काय आडवं येईल त्याचा आधीच विचार करायचा आणि चालायला लागायचं. एक वाट बंद झाली की रडत न बसता दुसरी धरायची. हे सगळं शिकवता येतं आणि कॉलेजात ते शिकवायला हवं, एवढं मला पटलं होतं. मला विशेष आवडलं होतं ते हे की यात सूर्योदयाच्या फोटोंची काही गरज नव्हती. फोटो सरांनी आणून भिंतीवर लावले.

वर्गाला मुलं कुठली आणायची, तर केटी लागलेली. केटी म्हणजे नापास झालेला विषय मागे टांगून पुढच्या सत्रात जायची सवलत. आमच्याकडे केटी नसलेला मुलगा दिसला की लोक विचारायचे, तब्येत बरी आहे ना? सरांचं म्हणणं असं की ज्यांना केटी आहे त्यांना आशा नाही. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की परिस्थिती अगदी उलटी आहे. इतकी आशावादी माणसं मी आयुष्यात एका खोलीत बघितली नव्हती. एकाला चार विषयांत केटी होती आणि तो पुढच्या वर्षी कलेक्टरकीच्या परीक्षेला बसणार होता.

आधी आशा मोजायची होती. मी एक प्रश्नावली करून आणली. अडचणीत सापडलात तर बाहेर पडायचे किती मार्ग तुम्हाला सुचतात, असा त्यात एक प्रश्न होता. मागच्या बाकावरून शंका आली की अडचण म्हणजे कळंबोली सर्कलच्या ट्रॅफिकची धरायची का. मी म्हटलं, कुठलीही धरा. मग दहा मिनिटं वर्गात दोन तट पडले. एक गट म्हणे गाडी स्टील मार्केटच्या आतून काढावी, दुसरा म्हणे तिथे ट्रेलर आडवे लागलेले असतात, त्यापेक्षा सरळ मागे फिरून चहा प्यावा. मी हात टेकले आणि त्या एका प्रश्नाला सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले.

पुढच्या तासाला ध्येय आणि त्याच्या तीन वाटा सांगायच्या होत्या. खाडीकडच्या गावांतली मुलं बरीच होती. त्यांच्या आज्या-पणज्यांनी भातशेती केली, मिठागरं राखली आणि आता त्या जमिनीवर विमानतळ येणार होता. तो आम्ही शाळेत होतो तेव्हापासून येत होता. सगळ्या मुलांचं ध्येय एकच: विमानतळात नोकरी. पहिली वाट, विमानतळ झाल्यावर. दुसरी वाट, विमानतळ लवकर झाल्यावर. तिसरी वाट, काकांना सांगून. मी चिडून म्हटलं, अरे, वाट एकच असेल तर ती आशा नव्हे, लॉटरी आहे ती. हे वाक्य मी पुस्तकात वाचलं नव्हतं, रागात तोंडातून गेलं. पण मुलांना ते फार आवडलं आणि पुढचा महिनाभर कँटीनमध्ये वडापाव संपला तरी ते एकमेकांना तेच ऐकवत होते.

त्या खोलीत खिडकीजवळ एक मुलगी बसायची. तिसऱ्या वर्षाची, माझ्याच विषयाची. बोलायची कमी आणि विनोदावर हसायची सगळ्यात शेवटी, म्हणजे आधी तपासून घेतल्यासारखी. प्रश्नावलीत वर्गातली सगळ्यात कमी आशा तिचीच निघाली होती. बाकीचे सगळे विषय सुटले होते, अडकला होता फक्त संख्याशास्त्राचा पेपर. तो मीच शिकवत होते, त्यामुळे दोष नेमका कुणाचा यावर मी तिच्याशी कधी चर्चा केली नाही.

तास संपल्यावर ती थांबली आणि ध्येय वर्गात सांगायचं नव्हतं म्हणून मला एकटीला सांगितलं. तिला बी.ए. व्हायचं होतं. एवढंच. मी म्हटलं, मग एकच पेपर तर राहिलाय, कर की. तेव्हा तिनं बाकीचं सांगितलं. मे महिन्यात तिचं लग्न होतं. मुलगा ओवे गावचा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचे दोन ट्रेलर चालत होते. माणसं चांगली होती, पण सुपारी फुटायच्या दिवशी होणाऱ्या सासूनं चार माणसांदेखत सांगून टाकलं होतं, काय शिकायचं ते आधी शिकून घे, "हलद लागली का कॉलेज संपला." आणि आगरी लोकांत चार माणसांदेखत बोललेला शब्द म्हणजे सरकारी ठरावापेक्षा पक्का. तिच्या वडिलांनीही मान डोलावली होती. म्हणजे एप्रिलात पेपर सुटला तर सुटला, नाहीतर सगळं शिक्षण एका पेपरापाशी कायमचं अडकून पडणार होतं. मी तिला म्हटलं, काही काळजी करू नकोस, तुझा पेपर एप्रिलात आहे आणि लग्न मे महिन्यात.

मी असं म्हटलं आणि विद्यापीठानं वेळापत्रक बदललं. त्यात नवल काही नव्हतं. आमचं विद्यापीठ वेळापत्रक काढायचंच बदलायला. केटीचे पेपर पुढे गेले आणि संख्याशास्त्राचा पेपर नेमका तिच्या लग्नाच्या दिवशी सकाळी अकराला आला. लग्न संध्याकाळच्या मुहूर्ताचं. पण हळद आदल्या रात्रीची, म्हणजे पेपराच्या वेळी हळद लागून बारा तास झालेले. आणि हळद लागलेली नवरी गावाची वेस ओलांडत नाही. कुणी ओलांडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मी फार संतापले. परीक्षा विभागाला फोन लावले, तिथे एका माणसानं मला लग्नच पुढे ढकलायचा सल्ला दिला. प्राचार्यांकडे गेले, तर ते म्हणाले की ही केस आपल्या उपक्रमासाठी उत्तम आहे. शेवटी मी मुलीला म्हटलं की मी घरी येते, तुझ्या वडिलांशी बोलते. तिनं शांतपणे नको म्हणून सांगितलं. "तुमी आलात का त्यांना वाटंल, मॅडमनी शिकवून पाठवलंय. मंग ते नायच म्हनतील." मला जरा लागलं ते. मी काही दिवस तिच्याशी तुटकच वागले.

पुढे काय झालं ते मला तिच्याच तोंडून तुकड्या-तुकड्यांत कळलं. ती आधी आईकडे गेली नाही, वडिलांकडे नाही, नवऱ्या मुलाकडेही नाही. गेली ती धवलारणीकडे. आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला गाणी म्हणणारी ही बाई. तिनं धवला धरल्याशिवाय हळद लागत नाही, त्यामुळे लग्नघरात भटजीपेक्षा तिचा दरारा मोठा. मुलीनं तिला जाऊन, परीक्षेचं नाव न काढता, विचारलं की हळदीतल्या नवरीला बाहेर जावंच लागलं, समजा दवाखान्यात, तर काय करायचं. ती म्हणाली, हातात लोखंड पाहिजे, संगती नवऱ्याकडची बाई पाहिजे आणि वाटेत कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मुलीनं हे उत्तर पदरात बांधून घेतलं आणि मग परीक्षेचं नाव काढलं. धवलारीण फसवली गेली म्हणून आधी रागावली आणि मग खूप हसली म्हणे.

राहिली सासू. आणि सासू आधीच एका गोष्टीत अडकलेली होती. लग्नाच्या पत्रिका तोवर छापून गावोगाव वाटून झाल्या होत्या. ओव्यापासून उरणपर्यंत, कर्नाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या दूरच्या मावशीपर्यंत. आणि पत्रिकेत नवरीच्या नावापुढे ठळक अक्षरांत 'बी.ए.' छापलेलं होतं. आपल्याकडे ही पद्धतच आहे. निकाल विद्यापीठ लावतं, पण पदवी छापखानेवाला देतो. सासू ती पत्रिका येईल-जाईल त्याला दाखवत होती, कारण त्यांच्या घरात तोवर कुणाच्याच नावापुढे काही छापलेलं नव्हतं. मुलीनं तिला इतकंच सांगितलं की पेपराला बसले नाही तर ते 'बी.ए.' खोटं पडेल, आणि गावात काय, कुणी ना कुणी विचारतंच. तिसऱ्या दिवशी सासूचा निरोप आला की गाडी आम्ही पाठवू, करवली आमची येईल.

तर त्या दिवशी सकाळी साडेदहाला आमच्या कॉलेजच्या फाटकात एक बोलेरो येऊन थांबली. बॉनेटवर झेंडूची माळ होती. तिच्यातून नवरी उतरली. तोंड, मान, हात, पाय सगळं पिवळंधमक, कपाळाला मुंडावळ्या, कोपरापर्यंत मेंदी, हातात अडकित्ता. मागून होणारी नणंद उतरली, तिच्या हातात तांब्या, म्हणजे पाणी घरचंच. बाकीची केटीवाली मुलं जिन्यावर बसून शेवटची पानं चाळत होती, ती उभी राहिली. कुणीतरी शिट्टी वाजवणार होतं, पण नणंदेनं त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं पुस्तकात तोंड घातलं.

केंद्रावर मी सहप्रमुख होते, म्हणजे गोंधळ निस्तरणारी. पेपर माझ्याच विषयाचा असल्यामुळे मला वर्गात उभं राहता येत नव्हतं. तिथे भूगोलाचे सर होते, नियमांचे फार पक्के. त्यांनी दारातच तिला अडवलं. पहिली हरकत मेंदीला. परीक्षार्थीच्या हातावर काही लिहिलेलं नसावं असा नियम आहे. सरांनी चष्मा पुसला आणि ते तिच्या दोन्ही हातांवरची मेंदी वाचू लागले. मोर सापडले, कोयऱ्या सापडल्या, तळव्यावर नवऱ्याचं नाव सापडलं. हे सूत्र आहे का, असं त्यांनी मला खरोखर विचारलं. मी म्हटलं, सर, हे नाव आहे आणि ते कुठल्याही उत्तराला उपयोगी पडणार नाही.

दुसरी हरकत अडकित्त्याला. धारदार वस्तू आत नेता येणार नाही. नणंद म्हणाली, लोखंड हातातून सुटलं तर पोरीला आत सोडणार नाही, घेऊन परत जाणार. सर म्हणाले, मग जा. घड्याळात अकराला दहा कमी होते. प्राचार्य धावत आले आणि म्हणाले की दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा दाखवावा. हे ते कुठल्याही प्रसंगी म्हणायचे. इतकं सगळं पार पाडून ही मुलगी एका सुपारी कातरायच्या हत्यारापायी परत जाणार, असं मला दिसायला लागलं आणि मी भूगोलाच्या सरांवर ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही, सर अजून भेटतात.

नवरी कुणावर ओरडली नाही. तिनं पिशवीतून कंपासपेटी काढली आणि भूगोलाच्या सरांना विचारलं की संख्याशास्त्राला कंपास चालतो ना. चालतो, सर म्हणाले, आलेख काढायला. मग तिनं त्यातला कर्कटक काढून नणंदेसमोर धरला. "वन्सं, यो पन लोखंडाचाच हाय."

नणंदेला शंका आली की हल्ली सगळं ॲल्युमिनियमचं असतं. तेव्हा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून लोहचुंबक मागवला गेला. प्राचार्य, दोन प्राध्यापक, करवली आणि हळदीतली नवरी अशा सगळ्यांच्या साक्षीनं कर्कटक चुंबकाला चिकटला. त्या प्रयोगशाळेत त्या वर्षी झालेला हा एकमेव यशस्वी प्रयोग असावा. अडकित्ता नणंदेनं कमरेला खोचला, नवरीनं कर्कटक मुठीत धरला आणि घंटा वाजता वाजता ती आत गेली. पुढचे तीन तास डाव्या हातात कर्कटक घट्ट धरून तिनं उजव्या हातानं पेपर लिहिला. नणंद बाहेर बाकावर तांब्या मांडीवर घेऊन बसली होती.

पेपर सुटल्यावर भूगोलाचे सर पुन्हा माझ्याकडे आले. उत्तरपत्रिकेवर पिवळे डाग होते आणि ओळख पटेल अशी खूण केली तर तो गैरप्रकार ठरतो. मग मी केंद्राच्या अहवालात लिहिलं की सदर डाग हळदीचे असून परीक्षार्थी स्वतःच त्या अवस्थेत होती. सरांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. संध्याकाळी आम्ही सगळे लग्नाला गेलो. सरांनी आहेर म्हणून पृथ्वीचा गोल दिला.

प्राचार्य फार खूश होते. बोलेरोतून उतरणाऱ्या नवरीचा फोटो त्यांनी काढून घेतला होता. तो समितीला दाखवायच्या सादरीकरणात 'आशेची फलश्रुती' या नावाखाली गेला. तो तिथे जुलैपर्यंत होता. जुलैत निकाल लागला आणि ती नापास झाली. फार थोडक्यात गेली होती, पण गेली होती. प्राचार्यांनी तो फोटो हटवून त्या जागी वृक्षारोपणाचा लावला.

मला मात्र ते फार लागलं. खोटं कशाला बोलू, मी घरी येऊन रडले. पिवळी हळद, चुंबक, नणंदेचा तांब्या, सगळं आठवून राग येत होता आणि तो काढायला कुणी सापडत नव्हतं. हळद लागली की कॉलेज संपलं, हे चार माणसांदेखत ठरलेलं होतं आणि हळद लागून आता दोन महिने झाले होते. आशा कक्षात मी पुढचे काही तास नुसती हजेरी घेऊन सोडले. मुलांनी कारण विचारलं नाही. विमानतळही तोवर आलेला नव्हता.

ऑक्टोबरात पुन्हा केटीची परीक्षा लागली. संख्याशास्त्राच्या दिवशी मी जिन्यानं वर जात होते, तर वरच्या बाकावर एक बाई बसलेली. जरीची हिरवी साडी, नाकात मोठी नथ, पायाशी पिशवी. मी कोण म्हणून विचारलं. ती म्हणाली, आमची सून आत पेपर लिवतंय. मी दाराच्या काचेतून डोकावले. खिडकीजवळ ती बसली होती, गळ्यात मंगळसूत्र आणि डाव्या मुठीत कर्कटक. सवय लागली असणार.

मी त्या बाईशेजारी बसले. ओळख करून दिल्यावर ती जरा सावरून बसली, मग तिनं तक्रार करावी तशा सुरात सगळं सांगितलं. मी नायच म्हणणार होते, म्हणाली. पण सुनेनं काही वाद घातला नाही, भांडली नाही. फक्त चुलीपाशी बसून एक प्रश्न विचारला. "मना म्हनली, आये, हलद लागली का कॉलेज संपला असा तुमी बोल्लेलात. पन हलद लागल्यावर त तुमीच गाडी करून मना कॉलेजात धाडलीत. आता कंच्या दिवशी संपला ते तुमीच सांगा." बाईनं नथ सारखी केली. "आता मी काय सांगू? आख्ख्या गावानं बघलंय गाडी जाताना. आनि त्या पत्रिकेत बी.ए. छापून ठेवलाय, त्यो कोन पुरा करनार?"

पेपर सुटला. ती बाहेर आली. कसा गेला म्हणून विचारलं तर म्हणाली, जाम कठीन. (गेलाच तो कठीण. पास व्हायला तिला पुढचा एप्रिल उजाडला.) सासू पिशवीतून घरचं पाणी काढत होती, तेवढ्यात मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं की पत्रिकेत 'बी.ए.' घालायला छापखान्यात कुणी सांगितलं होतं.

"मीच, टाइमटेबल बदलला त्या दिवशी," ती म्हणाली. तिनं एकदा सासूकडे बघून घेतलं. "पेपर सुटंल का नाय ते माझ्या हातात नव्हतं, मॅडम. मला हलदीत एकदा घराभाहेर पाय काडायचा होता. एकदा काडला का मंग नेहमीचाच."

आशा कक्षात तीन वाटांची आकृती मी खडूनं फळ्यावर काढून ठेवलेली होती, ती बहुतेक अजून तशीच होती. सासूनं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, स्वतः पिशवी उचलली आणि दोघी फाटकाबाहेर सहा आसनी रिक्षा बघायला गेल्या.